विक्रीची अफवा आणि आवाजाची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

शेअरबाजारात एक विलक्षण माल नित्य विकला जातो. तो कोठल्याही गोदामात नसतो, कोठल्याही कारखान्यात तयार होत नाही. त्या मालाचे नाव 'उद्या होणारी विक्री'. एखादी कंपनी आपली उपकंपनी विकावयास काढणार आहे अशी कुणकुण लागली, की त्या उपकंपनीने आज काय काम केले, किती लोकांची गरज भागविली, तेथे राबणाऱ्यांची स्थिती काय आहे, हे सारे प्रश्न मागे पडतात. गिऱ्हाईक कोण, भाव काय निघेल आणि आपल्या पदरात किती पडेल, एवढीच चर्चा उरते. 'बाजारात तुरी' ही म्हण ज्यांनी रचली त्यांनी न्यूयॉर्कचा शेअरबाजार पाहिला नव्हता. परंतु तेथील व्यवहाराचे मर्म त्यांना पुरते उमगले होते, असेच म्हणावे लागेल. फरक इतकाच, की या बाजारात न आलेल्या तुरींचा भाव ठरतो, त्यावर कर्ज काढले जाते आणि त्यापायी माणसांच्या नोकऱ्याही जातात.

हा व्यवहार नेमका कसा चालतो हे समजून घेण्यासाठी एकाच उदाहरणाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील आयडीटी ही दूरध्वनी कंपनी आणि इंटरनेटवरून दूरध्वनी जोडून देणारी तिची नेट-टू-फोन ही उपकंपनी, यांचे ते उदाहरण होय. ही उपकंपनी केव्हा विकली जाणार, कोणाला आणि कितीला, याचे तर्क गुंतवणूकदार गेली पाव शतक अधूनमधून लढवीत आले आहेत. या तर्कांच्या इतिहासातच भांडवलदारी अर्थव्यवस्थेचा एक मोठा धडा दडलेला आहे.

हॉवर्ड जोनास यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयडीटीची स्थापना केली. त्या काळी अनेक देशांतून अमेरिकेला दूरध्वनी करणे हे अमेरिकेतून त्या देशांना दूरध्वनी करण्याच्या कित्येक पटींनी महाग पडे. तेथील सरकारी वा खासगी मक्तेदारी दर ठरवी आणि ग्राहकाला तो मुकाट्याने भरावा लागे. आयडीटीने यावर साधी तोड काढली. परदेशातील ग्राहकाने अमेरिकेतील एक क्रमांक फिरवावयाचा, घंटी वाजली की फोन खाली ठेवावयाचा. मग अमेरिकेतील यंत्र त्याला उलट फोन करी आणि अमेरिकेतली लाइन त्याच्या हाती देई. अशा रीतीने तो फोन अमेरिकेतून केलेला ठरे आणि अमेरिकी दराने आकारला जाई. युक्ती व्यापारी होती. परंतु तिने मक्तेदारीच्या दरांना खिंडार पाडले हे मान्य केले पाहिजे.

त्यापुढची पायरी १९९६ ची. माणसाचा आवाज अंकांत रूपांतरित करावयाचा, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडावयाचे, ते इंटरनेटच्या मार्गाने पाठवावयाचे आणि पलीकडे पुन्हा जुळवून साध्या दूरध्वनीवर ऐकवावयाचे, ही सेवा आयडीटीने नेट-टू-फोन या नावाने सुरू केली. संगणकावरून थेट कोणाच्याही घरच्या फोनवर बोलता येऊ लागले. आंतरराष्ट्रीय दराचा मोठा भाग वाचला. अमेरिकेत गेलेले मजूर, टॅक्सीचालक, विद्यार्थी, छोटे दुकानदार अशा परदेशस्थ माणसांना गावाकडच्या आईबापांशी दोन शब्द अधिक बोलता यावेत, हा या शोधाचा खरा सामाजिक उपयोग. आयडीटीचा मोठा धंदा अशाच लोकांना किराणा दुकानांतून दूरध्वनी-कार्डे विकण्याचा होता. म्हणजे या कंपनीचा सारा डोलारा स्थलांतरित श्रमिकांच्या बोलण्याच्या गरजेवर उभा होता. ही गोष्ट पुढील हिशेब पाहताना लक्षात ठेवावयास हवी, कारण त्या हिशेबात या श्रमिकांचा कोठेही उल्लेख नाही.

१९९९ च्या जुलै महिन्यात नेट-टू-फोनचे शेअर प्रथम जनतेला विकण्यात आले. भाव होता पंधरा डॉलर. इंटरनेटच्या नावाने काहीही खपावे असा तो काळ. कंपनी तोट्यात होती. परंतु तोटा हीच जणू भवितव्याची हमी, अशी समजूत तेव्हा रूढ झाली होती. काही महिन्यांतच शेअरचा भाव अनेक पटींनी चढला. ३१ मार्च २००० रोजी अमेरिकेतील बलाढ्य दूरध्वनी कंपनी एटी अँड टी हिने नेट-टू-फोनचा सुमारे ३२ टक्के हिस्सा प्रत्येक शेअरला ७५ डॉलर देऊन घेण्याचे जाहीर केले. व्यवहाराची एकूण रक्कम १४० कोटी डॉलरांहून अधिक होती.

त्यानंतर बाजार कोसळला. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, २००१ मध्ये नेट-टू-फोनमध्येही कामगारकपात झाली. अखेर २००६ च्या मार्चमध्ये आयडीटीने बाहेरच्या भागधारकांकडील शेअर परत विकत घेतले, तेव्हा त्यांच्या हाती पडलेला भाव होता २ डॉलर ५ सेंट. पाऊणशे डॉलरांच्या वस्तूचा भाव सहा वर्षांत छत्तिसाव्या हिश्श्याहूनही खाली आला होता.

या ठिकाणी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. या सहा वर्षांत काय बिघडले होते? इंटरनेटवरून बोलण्याचे तंत्र मागे गेले होते काय? मुळीच नाही. २००० पेक्षा २००६ मध्ये तारा अधिक वेगवान होत्या, आवाज अधिक स्वच्छ येत होता आणि या मार्गाने बोलणाऱ्यांची जगभरची संख्या कैक पटींनी वाढली होती. वस्तू सुधारली, उपयोग वाढला आणि किंमत मात्र धुळीस मिळाली. याचा अर्थ उघड आहे. ७५ डॉलर ही आवाज पोचविण्याची किंमत नव्हती आणि २ डॉलर ही देखील नव्हती. ती किंमत होती दुसऱ्या कोणीतरी उद्या अधिक पैसे देऊन ही वस्तू घेईल, या आशेची. आशा संपली, किंमत संपली.

यावर भांडवलशाहीचे समर्थक एक उत्तर देतात आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार करणे इष्ट आहे. ते म्हणतात : सट्ट्यात अतिरेक होत असेल, परंतु नव्या तंत्राला भांडवल लागते, सरकारे आणि जुन्या मक्तेदाऱ्या ते देत नाहीत, शेअरबाजारातील आशाच ते भांडवल उभे करते. हे उत्तर अगदीच पोकळ नाही. १९९९ च्या विक्रीतून नेट-टू-फोनला पैसा मिळाला हे खरे. परंतु एटी अँड टीच्या त्या गाजलेल्या व्यवहाराचे आकडे पाहिले तर या युक्तिवादाची मर्यादा कळते. एटी अँड टीने खुद्द नेट-टू-फोनकडून घेतले ते केवळ ४० लाख नवे शेअर. त्यापोटी ज्या कंपनीत अभियंते काम करीत होते, ज्या कंपनीला यंत्रसामग्री हवी होती, तिच्या तिजोरीत पडले ३० कोटी डॉलर. उरलेले सुमारे १ कोटी ४९ लाख शेअर आयडीटीकडून घेण्यात आले आणि त्यापोटी ११० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मालक कंपनीच्या खात्यात गेली. म्हणजे खर्च झालेल्या प्रत्येक पाच डॉलरांपैकी एकच डॉलर, तोही जेमतेम, नव्या तंत्राच्या वाट्याला आला. बाकीचे चार डॉलर हे मालकी हातांतर झाल्याचे मोल होते. भांडवल-उभारणीच्या नावाने जो उत्सव साजरा होतो, त्यातील प्रसादाची वाटणी ही अशी असते.

आयडीटीच्या गुंतवणूकदारांना विक्रीचे तर्क लढविण्याची सवय लागण्यास आणखी एक कारण घडले. ही कंपनी आपले विभाग एकामागून एक सुटे करीत आली आहे. २०११ मध्ये ऊर्जेचा धंदा जेनी एनर्जी या नावाने वेगळा केला, २०१६ मध्ये झेज, २०१८ मध्ये राफाएल होल्डिंग्ज. यांतील सर्वांत बोलके उदाहरण २०१३ मध्ये वेगळ्या केलेल्या स्ट्रेट पाथ या कंपनीचे. विनस्टार नावाची एक दिवाळखोर कंपनी आयडीटीने २००१ मध्ये सुमारे सव्वाचार कोटी डॉलरांना घेतली होती. तिच्याकडे रेडिओ-लहरींचे सरकारी परवाने होते. हे परवाने आणि नेट-टू-फोनची काही पेटंटे स्ट्रेट पाथच्या पदरात घालण्यात आली. पुढे नव्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी त्याच लहरी मोलाच्या ठरल्या आणि एटी अँड टी व व्हेरायझन या दोन धनाढ्य कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. २०१७ मध्ये व्हेरायझनने ३१० कोटी डॉलरांची बोली लावून स्ट्रेट पाथ घेतली.

आता या लाभामागचे कर्तृत्व पाहावे. रेडिओ-लहरी ही कोणाची खासगी निर्मिती नव्हे. ती समाजाची मालमत्ता. परवाना देताना सरकारची अट असते, की त्या लहरी वापरून सेवा उभी करावी. अमेरिकेच्या संचार-आयोगाने चौकशी केली आणि २०१७ च्या जानेवारीत स्ट्रेट पाथशी तडजोड झाली : दीड कोटी डॉलर दंड भरावा, काही परवाने परत करावेत आणि उरलेले विकल्यास उत्पन्नाचा पाचवा हिस्सा सरकारी खजिन्यात जमा करावा. चौकशीचा विषय हा होता, की परवाने टिकविण्यासाठी जी यंत्रणा उभारल्याचे सांगण्यात आले ती प्रत्यक्षात चालू ठेवली होती की नाही. पाचवा हिस्सा समाजाला परत मिळाला, ही त्या आयोगाची कामगिरी नमूद केली पाहिजे. परंतु उरलेले चार हिस्से ज्यांनी लहरी राखून ठेवल्या आणि वाट पाहिली त्यांचे झाले. वाट पाहणे हेच ज्या व्यवस्थेत सर्वांत किफायतशीर उत्पादन ठरते, तेथे दूरध्वनी उभारणाऱ्यापेक्षा दूरध्वनीचा परवाना उराशी धरून बसणारा श्रेष्ठ मानला जावा, यात नवल नाही.

या अनुभवानंतर गुंतवणूकदारांची नजर पुन्हा नेट-टू-फोनकडे वळली. ही उपकंपनी आता घरगुती फोनपेक्षा कचेऱ्यांना इंटरनेटवरची संपूर्ण दूरध्वनी-व्यवस्था पुरवू लागली होती आणि लॅटिन अमेरिकेतील काही देशांतही तिने हातपाय पसरले होते. गुंतवणूकदारांची गणिताची रीत ठरलेली आहे. कंपनीचे कल्पनेत भाग पाडावयाचे. प्रत्येक भागाच्या वार्षिक विक्रीला, त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीला बाजारात जो भाव मिळतो त्या पटीने गुणावयाचे. आणि येणाऱ्या बेरजेपेक्षा शेअर स्वस्त असेल तर 'विभाग विका' असा घोष करावयाचा. २०२१ मध्ये या गुणाकाराला उधाण आले, कारण याच धंद्यातील रिंगसेंट्रल या कंपनीचा शेअर त्या वर्षाच्या प्रारंभी ४०० डॉलरांवर गेला होता. आयडीटीने नेट-टू-फोन वेगळी काढण्याची तयारी सुरू केली. परंतु २०२२ मध्ये बाजार फिरला, रिंगसेंट्रलचा शेअर वर्षअखेरीस ४० डॉलरांच्याही खाली आला आणि नेट-टू-फोन वेगळी करण्याचा बेत पुढे ढकलण्यात आला. कचेऱ्यांतले फोन मात्र दोन्ही वर्षी सारखेच वाजत होते.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. आयडीटीचे शेअर दोन जातींचे आहेत. एका जातीच्या प्रत्येक शेअरला तीन मते, तर सामान्य गुंतवणूकदार बाजारात घेतो त्या दुसऱ्या जातीच्या शेअरला एकदशांश मत. म्हणजे संस्थापकाच्या हातातील एका शेअरची बरोबरी करावयास बाहेरच्या माणसाला तीस शेअर लागतात. मताधिक्य संस्थापकाकडेच राहते. भागधारकांच्या लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे गणित जरूर अभ्यासावे. निर्णयात ज्यांना स्थान नाही, त्यांच्या हाती तर्क करणे एवढेच उरते. छोटा गुंतवणूकदार अफवेच्या मागे धावतो तो केवळ लोभाने नव्हे. त्याला खरी माहिती मिळत नाही आणि खरे मत नसते, म्हणूनही धावतो. मग ज्याला एकदशांश मतदेखील नाही, त्या कामगाराची आणि ग्राहकाची काय कथा?

हे एका कंपनीपुरते आहे, असे कोणी म्हणेल. त्याने स्काइपचा इतिहास पाहावा. लिलावाचा धंदा करणाऱ्या ईबे कंपनीने २००५ मध्ये स्काइप सुमारे २६० कोटी डॉलरांना घेतली. दोनच वर्षांत, २००७ मध्ये, खरेदी फसल्याची कबुली देऊन सुमारे १४० कोटी डॉलर हिशेबातून पुसून टाकले. २००९ मध्ये तिचा मोठा हिस्सा गुंतवणूकदारांच्या एका गटाला विकला. तेव्हा साऱ्या कंपनीचे मोल २७५ कोटी धरले होते. दीड-दोन वर्षांत, २०११ मध्ये, त्याच गटाने ती मायक्रोसॉफ्टला ८५० कोटींना दिली. आणि ५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केली. एस्टोनियातील तालिन येथे ज्या तरुण अभियंत्यांनी तिची आज्ञावली लिहिली त्यांचे श्रम, आणि ज्या कोट्यवधी लोकांनी तिच्यावरून आप्तांशी संवाद केला त्यांची सवय, या दोहोंवर ही खरेदी-विक्री चालली. परंतु दुकान बंद करण्याचा निर्णय घेताना या दोघांपैकी कोणालाही कोणी विचारले नाही.

भारतातील वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. ज्या काळात नेट-टू-फोनचे भाव चढत-उतरत होते, त्याच काळात भारतातही परदेशी दूरध्वनीचा प्रश्न निकराला आला होता. येथील परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी विदेश संचार निगम या सार्वजनिक कंपनीकडे होती. तिचे मुख्यालय मुंबईत. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी जे उपग्रह भू-केंद्र उभे राहिले, ती या देशाच्या तंत्रज्ञांनी लोकांच्या पैशातून उभारलेली संपत्ती होती आणि तीच परंपरा पुढे या निगमाकडे आली. निगमाचे दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, ही टीका रास्त होती. १ एप्रिल २००२ पर्यंत इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास देशात परवानगी नव्हती, हाही ग्राहकावरील अन्यायच होता. सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेणाऱ्यांनी या दोषांवर पांघरूण घालता कामा नये.

परंतु उपाय काय योजला गेला? मक्तेदारी संपण्याच्या तोंडावर, २००२ च्या फेब्रुवारीत, निगमाचा २५ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना विकण्यात आला. पुढे तीनच महिन्यांत निगमाच्या संचालक मंडळाने टाटांच्याच दुसऱ्या दूरध्वनी कंपनीत १,२०० कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक करण्याचे ठरविले, तेव्हा केंद्रीय दळणवळणमंत्री प्रमोद महाजन यांनाच जाहीर आक्षेप घ्यावा लागला. पुण्याजवळ दिघी येथे आणि दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे निगमाची मिळून सुमारे ७७३ एकर जादा जमीन होती. ती विक्रीतून वगळली होती; पण तिचा निकाल लागावयास पुढे सतरा-अठरा वर्षे गेली. २०२१ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्साही विकला. दर कमी झाले ते स्पर्धेमुळे आणि इंटरनेट-दूरध्वनीला मोकळीक दिल्यामुळे. त्यासाठी लोकांनी उभारलेली संस्था विकणे अपरिहार्य होते, हे कोणीही सिद्ध केलेले नाही. नियम बदलणे आणि मालक बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करण्यातच विक्रेत्यांचे हित असते.

या साऱ्या विवेचनातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? 'सट्टा वाईट' एवढे म्हणून थांबणे म्हणजे उपदेश झाला, राजकारण झाले नाही. तीन मागण्या निश्चितपणे मांडता येतात. पहिली ही, की दूरध्वनीसारखी लोकोपयोगी सेवा देणारी कंपनी किंवा तिची उपकंपनी विकावयाची असेल, तर तेथील कामगारांना आगाऊ लेखी सूचना मिळावी आणि त्यांच्या संघटनेचे म्हणणे व्यवहारापूर्वी ऐकले जावे. अफवा शेअरबाजाराला आधी कळते आणि कामगाराला शेवटी, हा क्रम उलटा झाला पाहिजे. दुसरी ही, की परवाने, लहरी, जमिनी अशा समाजाच्या मालमत्तेमुळे जो भाव वाढतो, त्या वाढीचा मोठा वाटा समाजाकडे परत आला पाहिजे. अमेरिकेसारख्या देशात पाचवा हिस्सा वसूल होऊ शकतो, तर मागणी त्याहून अधिकाची करण्यात काहीही अव्यवहार्य नाही. तिसरी ही, की विक्रीनंतर सेवा बंद करावयाची असेल तर ग्राहकाला पुरेशी मुदत आणि दुसऱ्या सेवेकडे जाण्याची सोय देणे नव्या मालकावर बंधनकारक असावे. स्काइप बंद करताना काही आठवड्यांची मुदत आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेकडे जाण्याची वाट दिली गेली. परंतु ती मालकाच्या मर्जीची गोष्ट राहिली, ग्राहकाचा हक्क ठरली नाही.

मित्रहो, नवे तंत्र श्रमिकांचे वैरी नसते. आवाजाचे तुकडे करून तो समुद्रापार पोचविण्याच्या युक्तीने लक्षावधी गरीब कुटुंबांचा विरह सुसह्य केला, हे कोणीही नाकारू नये. वाद तंत्राशी नाही. त्या तंत्रावर बसून त्याच्या विक्रीचे स्वप्न विकणाऱ्या मालकीशी आहे. नेट-टू-फोन उद्या विकली जाईल किंवा जाणार नाही. तो भाव ठरविणे गुंतवणूकदारांवर खुशाल सोपवावे. परंतु न्यूअर्कच्या दुकानातून कार्ड घेऊन रविवारी घरी फोन लावणारा मजूर, आणि तो फोन जोडून देणारी यंत्रणा चालविणारा कर्मचारी, यांची नावे त्या हिशेबाच्या वहीत कोणत्या पानावर लिहिली जाणार, हा प्रश्न प्रत्येक विक्रीच्या वेळी विचारत राहणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.